सांधा

काळाचौकीची म्युनिसिपल शाळा, तिसरी ‘ब’,
शुक्रवारचा शेवटचा तास.
मी गेले तेव्हा माझ्याकडे सोळा मात्रा होत्या,
एक छोटा स्पीकर
आणि सरळ ओळीचा हट्ट.

ओळ काही झाली नाही.
यदूची व्हीलचेअर दाराच्या उंबऱ्याशी अडली,
केतकी प्रत्येकाला मिठी मारून मगच जागेवर जाणार होती,
प्रणितनं स्पीकर लागताच कान दाबले
आणि खिडकीखाली भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.
जुलेखा माझ्या ओठांकडे बघत होती.
मी ‘एक दोन तीन चार’ म्हणत होते,
तिला ते दिसत होतं
काचेपलीकडच्या माशाचं बोलणं दिसावं तसं.

माझ्या गुरू म्हणायच्या,
ताल चुकत नसतो, माणूस चुकतं.
इथं कोण चुकत होतं?

सुलोचनामावशी झाडू थांबवून म्हणाल्या,
“बाई, ही लादी मुकी हाय.
आमच्या गावी माळ्यावर कुणी चाललं
तर खाली निजलेल्याच्या छातीत कळायचं.”
आणि गल्लीतल्या मंडळाकडून
मांडवाच्या बावीस फळ्या घेऊन आल्या,
पुढच्या श्रावणापर्यंत उसन्या.

फळ्या अंथरल्या. उंचसखल, खिळ्यांची भोकं,
कडेला गेल्या विसर्जनाचा गुलाल.
जुलेखानं चप्पल काढली.
मी टाच आपटली.
तिनं चटकन खाली पाहिलं,
पायाशी कुणी हाक मारावी तसं.

स्पीकर मी कपाटात ठेवला. तिथंच आहे अजून.

मग यदू आला.
दोन फळ्यांमध्ये बोटभर सांधा राहिला होता,
पुढची चाकं त्यावरून गेली: टक.
मागची गेली: टक्क.
म्हटलं, थांब, पुठ्ठा घालते मध्ये, धक्का बसेल.
“नको ना बाई,” यदू म्हणाला,
“तो माझा आवाज आहे.”
मागे गेला, पुन्हा पुढे आला.
तिसऱ्या वेळी जुलेखाचा पाय त्याच्यासोबत पडला,
चौथ्या वेळी केतकीचा, जरा उशिरा;
पण तिच्या उशिराला तिचा असा हिशोब होता.
महिन्याभरात आम्ही सगळे
तिच्या उशिरासाठी थांबून
मग गिरकी घ्यायला शिकलो.

प्रणित नाचला नाही.
भिंतीकडे तोंड, आमच्याकडे पाठ.
पण दर बाराव्या ठोक्याला
त्याचा डावा हात खांद्यापर्यंत वर जायचा
आणि सावकाश खाली.
मी मोजून बघितलं.
अकराव्याला कधी नाही, तेराव्याला कधी नाही.
वीस वर्षांच्या रियाजात
मला अशी सम सापडलेली नाही.

स्नेहसंमेलनाच्या स्टेजला पाच पायऱ्या, वर सिमेंट.
मुख्याध्यापक म्हणाले, यदूला दोघं उचलतील.
यदू नखं बघत बसला.
मी म्हटलं, सर, उचलायचंच असेल तर
पाहुण्यांच्या खुर्च्या उचलूया.

खुर्च्या फिरल्या. पटांगणात फळ्या आल्या.
एक फळी सरकली, दोघंजण विसरले,
केतकीनं मध्येच आईला हात केला.
पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं,
“नाच सुरू कधी होणार?”
तेव्हा तो अर्धा होऊन गेला होता.
बाराव्या ठोक्याला तीसच्या तीस डावे हात वर गेले,
प्रणितनं मान वळवून पाहिलं.
एकदाच. मग पुन्हा भिंत.

श्रावणात मंडळाचे मिस्त्री फळ्या न्यायला आले.
रबराच्या दोन काळ्या रेघा,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
“घासून काढू का? यंदा यावर देव बसायचाय.”
मावशी म्हणाल्या, “मग तर राहू द्या.”

आता लादी पुन्हा मुकी.
जुलेखा दप्तर ठेवते, चप्पल काढते,
टाच आपटून बघते,
माझ्याकडे बघते.

पुढच्या शुक्रवारच्या आत
मला कुठूनतरी लाकूड हवंय.